मार्सनंतर चैत्र

दर रविवारी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास रायापूरच्या आमच्या घरात एक लहानशी शाळा भरते. त्या वेळी माँट्रियालला सकाळचे नऊ वाजलेले असतात. थंडीत तेथील घड्याळे तासभर मागे घेतात, तेव्हा आठ. पडद्यावर पाच वर्षांचा नातू दुधाचा पेला घेऊन बसतो आणि आम्ही उभयता चष्मे पुसून त्याच्यासमोर बसतो. या शाळेत गुरू कोण आणि शिष्य कोण, हे मात्र अद्याप ठरलेले नाही.

क्वेबेक प्रांतात १९७७ सालच्या भाषाविषयक कायद्याने, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांच्या मुलांना सर्वसाधारणपणे फ्रेंच शाळेतच जावे लागते. नातवाच्या बालवर्गात दररोज सकाळी वार, तारीख आणि महिना म्हणावयाचा असतो. आणि आम्ही येथून त्याला चैत्र, वैशाख सांगत होतो. २०२५ च्या फाल्गुनात चिरंजीवांचा दूरध्वनी आला. वर्गात बाईंनी विचारले होते, ‘मार्सनंतर कोणता महिना?’ पोराने आनंदाने उत्तर दिले, ‘चैत्र!’ शाळेला वाटले, मुलाचा गोंधळ होत आहे; घरी फ्रेंचवरच भर दिलेला बरा. चिरंजीव संकोचून म्हणाले, “आई, बाबा, काही दिवस चैत्र-वैशाख बाजूला ठेवू या का?”

आम्ही ‘बरे’ म्हणालो. दोन रविवार हवापाण्याच्या गोष्टी बोललो. सुज्ञ वाचक हसतील, पण ते दोन रविवार फार जड गेले. त्या मुलाला आम्ही आणखी देणार तरी काय? खेळणी त्याच्याजवळ आमच्यापेक्षा उत्तम आहेत.

शिवाय मनात एक तक्रारही होती. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी आणि शाळेत कन्नड असा संसार केला. ज्यांच्या घरी मराठी बोलली जाई त्या द. रा. बेंद्रे यांना १९७३ सालचे ज्ञानपीठ कन्नड काव्यासाठी मिळाले. घरच्या भाषेने शाळेच्या भाषेचा घात होतो असे येथे कोणाला वाटले नाही. दोन भाषांत वाढणारे मूल प्रारंभी शब्दांची सरमिसळ करते, ती त्याच्या वाढीतली साधी पायरी होय. अभ्यासकांचेही आज हेच म्हणणे आहे. आणि त्या वर्षीचा गुढीपाडवा ३० मार्चला होता! पंचांगाच्या हिशोबाने पोराचे उत्तर अगदी बिनचूक होते.

परंतु तक्रार करून नातू मिळत नाही. तेव्हा आम्ही ठरविले की, त्याचे महिने आपणच शिकावे. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात पन्नाशी उलटल्यावर फ्रेंच आणि जर्मन शिकले. आम्हांला तर केवळ बारा शब्द शिकावयाचे होते. तिसऱ्या रविवारी आम्ही नातवाला म्हणालो, “तुझे महिने आम्हांस येत नाहीत. शिकवशील?” त्याने दुधाचा पेला खाली ठेवला.

जाँव्हिए, फेव्रिए, मार्स, आव्रिल, मे, ज्युअँ, ज्युइये, उत, सेप्ताँब्र, ऑक्तॉब्र, नोव्हाँब्र, देसाँब्र. देवनागरी येथे आंधळ्याच्या काठीपुरतीच उपयोगी, हे आरंभीच सांगितले पाहिजे. ‘मे’ तेवढा जसाच्या तसा मराठी. त्याच्या आधाराने आम्ही उभे राहिलो. ‘ज्युअँ’मधला स्वर ओठांचा चंबू करून आणि नाकातून एकाच वेळी काढावा लागतो. त्यात आमची फजिती झाली की गुरुजी खदखदून हसत. ऑगस्टला कोणी ‘उत’ म्हणतात, कोणी नुसतेच ‘उ’. एवढ्या मोठ्या सम्राटाचे नाव झिजून एका स्वरावर यावे, याची आम्हांला गंमत वाटली.

शिकवताना मात्र आम्हांला एक गोष्ट उमगली, ती घरोघरी उपयोगी पडावी. नातू बारा महिने घडाघडा म्हणे. पण ‘नोव्हाँब्रच्या आधी कोणता?’ म्हटले की बिचारा पुन्हा जाँव्हिएपासून निघे. पाठांतर होते, ठिकाण ठाऊक नव्हते. (वाचकांनी स्वतःस ‘मार्गशीर्षाच्या आधी कोणता?’ असे विचारून पाहावे. पुष्कळांचे ओठ चैत्रापासून हलू लागतील.) म्हणून आम्ही जानेवारीपासून आरंभ करणे सोडले. त्याच्या वाढदिवसाचा महिना मध्यभागी घेतला, त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. मग प्रत्येक महिन्याला काही तरी टांगावयाचे. मार्स-आव्रिलात तेथे मेपल वृक्षांचा रस काढून आटवितात. आम्ही त्याला आमच्याकडील गुऱ्हाळाची गोष्ट सांगितली. सेप्ताँब्रात सफरचंदे तोडावयास जातात. जाँव्हिएत बर्फ. एकतीस दिवसांचे महिने मुठीच्या उंचवट्यांवर मोजण्याची युक्ती तर फ्रेंच मुलांनाही ठाऊक असते; त्याने ती आम्हांला आणि आम्ही ती त्याला, एकाच दिवशी दाखविली.

एके दिवशी त्याने विचारले, “सेत म्हणजे सात. मग सेप्ताँब्र नववा का?” इंग्रजी शिकताना हा प्रश्न आम्हांला साठ वर्षांत पडला नव्हता. रोमन लोकांचे जुने वर्ष मार्चपासून सुरू होई. म्हणून सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा, डिसेंबर दहावा. सप्त, अष्ट, नव, दश हे आपलेच भाऊबंद. जुलै आणि ऑगस्ट हेही आधी ‘पाचवा’ आणि ‘सहावा’ अशाच अर्थाच्या नावांचे होते. पुढे ज्युलियस सीझर व ऑगस्टस यांची नावे त्यांना मिळाली. वर्षारंभ जानेवारीकडे सरकला, नावे मात्र जागची हलली नाहीत. “म्हणजे पूर्वी मार्स पहिला होता? आणि तुमचा चैत्र?” नातवाने विचारले. चैत्र अशा रीतीने आपल्या पायांनी परत आला. आम्ही त्याला बोलाविले नव्हते.

त्यानंतर आम्ही आमच्या महिन्यांनाही तशाच वस्तू टांगू लागलो. ज्येष्ठ म्हणजे कारहुण्णिमेचे रंगविलेले बैल, श्रावण म्हणजे नागपंचमीचा झोका, मार्गशीर्ष म्हणजे एळ्ळ अमावास्येला शेतात बसून जेवण. यांतील पुष्कळ सण आम्ही कन्नड शेजाऱ्यांकडून घेतले आहेत. या मुलखात एक सोय आहे: कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोहोंचा महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे शेजारच्या अंगणातला श्रावण आणि आपला श्रावण एकच. उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो आणि वद्य पक्षाचे नाव बदलते.

माँट्रियालच्या बर्फात एळ्ळ अमावास्येचे काय करावयाचे, असे कोणी विचारील. तेव्हा आम्हांला मॉरिशसचे मराठी बांधव आठवतात. १८३४ नंतर कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांचे हे वंशज. त्यांची मुले घरी बहुधा क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी व फ्रेंच शिकतात, आणि प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय घेऊ शकतात. तेथे ऋतू उलटे; आपला श्रावण त्यांच्याकडे थंड, कोरड्या दिवसांत येतो. तरीही तेथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि मूर्ती पाण्यात विसर्जित होतात. पावसावाचून भाद्रपद तेथे टिकला, तो त्या दिवशी घरोघरी काही तरी केले जाते म्हणून.

नातवाच्या खोलीत आता बारा चौकोनांचा तक्ता आहे. घरातल्या प्रत्येकाची चिठ्ठी आपापल्या वाढदिवसाच्या चौकोनात डिंकाने चिकटविलेली. आजीचा जन्म ऋषिपंचमीचा आणि आमच्याकडे वाढदिवस तिथीने होतो. २०२३ साली ती तिथी २० सप्टेंबरला आली, २०२४ साली ८ सप्टेंबरला, म्हणून चिठ्ठी सेप्ताँब्रात होती. २०२५ साली ती २८ ऑगस्टला आली, तेव्हा नातू बुचकळ्यात पडला. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून आजी मागे मागे सरकते. आणि फार मागे गेली की २०२३ च्या अधिक श्रावणासारखा एक जास्तीचा महिना येऊन तिला पुन्हा पुढे ढकलतो, असे आम्ही समजावून सांगितले. एक महिना दोनदा येतो हे त्याला फार आवडले. त्याच्या बाईंनाही त्याने ते सांगितले म्हणे.

त्याने आजीची चिठ्ठी सेप्ताँब्रातून अलगद सोडविली आणि उतच्या चौकोनात लावली. या वेळी डिंक घेतला नाही, टाचणी लावली.