मोटारीचे आयुष्य ठरवायचे कोणी?

२००१ च्या सप्टेंबरात फियाट कंपनीची पालिओ ही मोटार भारतीय बाजारात आली. तिच्या १.६ लिटर इंजिनाच्या, सुमारे १०० अश्वशक्तीच्या आवृत्तीची तरुण मंडळींत त्या वेळी मोठी चर्चा होती. सचिन तेंडुलकरच्या नावाची एक खास आवृत्तीही निघाली. आकाराने लहान, पण वळणावर रस्ता न सोडणारी आणि चालविणाऱ्याला चालविण्याचा आनंद देणारी ही मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या काठावर येऊन उभी राहिली. त्या पहिल्या मोटारींनी आता विशी ओलांडली आहे. विशी ओलांडलेल्या मोटारींच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क केंद्र सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये १०,००० रुपये केले. २०२२ च्या एप्रिलपूर्वी हे शुल्क अवघे ६०० रुपये होते; त्या महिन्यापासून पंधरा वर्षांवरील मोटारींना ते ५,००० रुपये झाले आणि आता विशीनंतर त्याच्या दुप्पट.

नूतनीकरण पाच वर्षांसाठी असते. म्हणजे हा बोजा वर्षाला दोन हजारांचा. तेवढ्यासाठी कोणी मोटार भंगारात घालील असे नाही. आक्षेप रकमेला नाही, मोजपट्टीला आहे. जुनी वस्तू ती वाईट वस्तू, आणि ती बाळगणारा तो समाजाला भार, हे गृहीतक या शुल्कामागे आहे. ते कितपत खरे आहे याची तपासणी झाली पाहिजे. कारण जुनी मोटार बाळगणारा माणूस हा बहुधा शिक्षक, कारकून किंवा नुकता नोकरीला लागलेला तरुण असतो.

हिशेब कसा मांडावा?

समजा, कोल्हापुरातील एका माध्यमिक शिक्षकाकडे २००२ सालची अशी एक मोटार आहे. क्लच प्लेट झिजली आहे, पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुश फाटले आहेत, टायमिंग बेल्ट बदलण्याची वेळ झाली आहे. मिस्त्री ४५,००० रुपयांचा अंदाज देतो. मोटार विकायला काढली तर ६०,००० येतील. घरची मंडळी म्हणतात, ही तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हण चांगली आहे, पण हिशेब चुकीचा आहे. दुरुस्तीच्या खर्चाची तुलना मोटारीच्या विक्रीकिमतीशी करावयाची नसते. तेवढीच सोय दुसऱ्या मार्गाने मिळविण्यास काय पडेल, याच्याशी करावयाची असते. साडेपाच लाखांची नवी मोटार पूर्ण कर्जावर, नऊ टक्के व्याजाने, पाच वर्षांसाठी घेतली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ११,४०० रुपये पडतो. पाच वर्षांनी ती तीन लाखांना विकली जाईल असे धरले, तरी वर्षाचा निव्वळ खर्च ७७,००० रुपयांच्या घरात जातो. उलट बाजूस, ४५,००० ची दुरुस्ती चार वर्षे पुरली तर वर्षाला ११,२५० रुपये. न विकल्यामुळे हातचे गेलेले ६०,००० त्याच चार वर्षांत विभागले तर आणखी १५,०००. किरकोळ दुरुस्त्यांसाठी वर्षाला २०,००० बाजूला ठेवावेत. जुनी मोटार पेट्रोलही जास्त पिते: लिटरला १० किलोमीटर तिचे आणि १८ नवीचे धरले, तर वर्षाच्या ६,००० किलोमीटरांमागे सुमारे २६७ लिटरांचा फरक पडतो, शंभर रुपये भावाने २६,७००. एकूण ७३,००० च्या आसपास.

दोन्ही पारडी जवळजवळ सारखी आहेत. म्हणजे दुरुस्ती करणे हा मूर्खपणा नाही आणि मोठी बचतही नाही. निकाल वापरावर अवलंबून आहे. तो शिक्षक वर्षाला ३,००० किलोमीटरच चालवीत असेल, तर पेट्रोलचा फरक निम्म्यावर येतो आणि जुनी मोटार स्पष्टपणे स्वस्त ठरते. तो १५,००० किलोमीटर चालवीत असेल, तर त्याने ती विकलेली बरी. एक पथ्य मात्र दोन्ही परिस्थितींत पाळावे. ‘गेल्या वर्षी रंगकामावर तीस हजार घातले, आता कशी सोडू?’ हा युक्तिवाद करू नये. तो पैसा गेला. अर्थशास्त्रात त्याला बुडीत खर्च म्हणतात आणि पुढच्या निर्णयात त्याला स्थान नसते.

मग एक लाखात दुसरी जुनी मोटार का घेऊ नये? या प्रश्नाचे उत्तर जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एका निबंधात दिले. वापरलेल्या मोटारीतील खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा म्हणून सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या मोटारीचा मालक आपली मोटार विकत नाही, आणि बाजारात खोटी मोटारच अधिक उरते. ज्या वर्षी पालिओ आली त्याच वर्षी अकरलॉफ यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल पुरस्कार मिळाला. या सिद्धान्ताची दुसरी बाजू जुन्या मोटारीच्या मालकाच्या फायद्याची आहे. आपल्या मोटारीत कोणत्या पावसाळ्यात कोठून पाणी शिरते, कोणत्या गिअरला आवाज येतो, इंजिनाचे काम केव्हा झाले, हे त्याला माहीत असते. हे ज्ञान हीच एक मालमत्ता आहे, आणि बाजार तिची किंमत देत नाही. म्हणून चांगली राखलेली मोटार तिच्या मालकाला बाजारभावापेक्षा नेहमीच अधिक मोलाची असते. तिच्यावरचा त्याचा जीव हा केवळ हळवेपणा नव्हे.

कुर्ल्याच्या दोन मोटारी

एवढा हिशेब करून शिक्षकाने दुरुस्तीचा निर्णय घेतला, तरी खरी अडचण पुढेच आहे. सुटा भाग मिळाला पाहिजे. येथे एका कारखान्याचा इतिहास बोलका आहे. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात पालिओ तयार होऊ लागली, त्याच कारखान्यात पूर्वी प्रीमियर पद्मिनी तयार होत असे. पद्मिनी ही मुळात फियाट ११००. ती १९६४ पासून शतकाच्या अखेरीपर्यंत थोड्याफार बदलांनी तीच राहिली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीने तिला घरोघर पोचविले. तिचा कार्ब्युरेटर गल्लीतला मिस्त्री डोळे मिटून उघडीत असे. बुश असो, शाफ्ट असो, लेथवर उतरवून मिळे. मुंबईत २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, ती सुटे भाग संपले म्हणून नव्हे. टॅक्सीला ठरवून दिलेली २० वर्षांची मुदत संपली म्हणून.

पालिओचे तसे झाले नाही. ती पद्मिनीहून कितीतरी सरस यंत्र होती. परंतु तिचे इंजिन संगणकाच्या हुकमाने चालते. सेन्सर बिघडला तर तो लेथवर करून मिळत नाही. बिघाड कोणता हे शोधायलाच स्कॅनर लागतो. शिवाय १.६ लिटरची आवृत्ती मुळात थोडी विकली गेली. कारण आपल्याकडे मोटार घेताना पहिला प्रश्न ‘किती ॲव्हरेज देते?’ हाच असतो, आणि त्या परीक्षेत ती नापास होती. ॲडम स्मिथने दाखवून दिले की श्रमविभागणी किती होईल हे बाजार किती मोठा यावर ठरते. जिल्ह्यात लाल-पिवळ्या एस. टी. गाड्या शेकड्यांनी असतील तर त्यांचा खास कारागीर निर्माण होतो. पालिओ दहाच असतील तर होत नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, तरी तिच्या क्लच प्लेटची वाण पडली नाही. पालिओचे उत्पादन पुढे पुण्याजवळच्या रांजणगावात गेले, नंतर थांबले. २०२० च्या एप्रिलमध्ये भारत स्टेज-६ हे प्रदूषणमान लागू होता होता फियाट हे नावच देशातील नव्या मोटारींच्या बाजारातून नाहीसे झाले. रांजणगावचा कारखाना चालू राहिला, पण तेथून दुसऱ्या नावांच्या मोटारी बाहेर पडू लागल्या.

मग मालक कोठे जातो? मुंबईत कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर, दिल्लीत मायापुरीत, चेन्नईत पुदुपेटला. मोडीत निघालेल्या मोटारींच्या अंगावरून उतरवलेले भाग तेथे मिळतात. एका पालिओच्या मरणावर दुसरी जगते. हा व्यवहार उपयुक्त आहे, पण तो किती दिवस चालणार? मोडायच्या मोटारी संपल्या की चालणाऱ्याही संपतात. म्हणून असे म्हणावे लागते की मोटार बहुधा म्हातारपणाने मरत नाही, सुट्या भागांअभावी मरते. आणि सुट्या भागांचा अभाव हा निसर्गनियम नाही, ती माणसांनी केलेली व्यवस्था आहे.

कुलूप आणि किल्ली

ही व्यवस्था कशी उभी राहते, याचे चित्र भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात पाहावयास मिळते. त्या आदेशाने आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचा निष्कर्ष असा की, ग्राहकाने एकदा मोटार घेतली की त्या मोटारीच्या सुट्या भागांच्या बाजारात ती कंपनी सर्वेसर्वा असते. कंपन्या हे भाग खुल्या बाजारात पुरेसे येऊ देत नव्हत्या आणि बिघाड शोधण्याची साधने व माहिती बाहेरच्या गॅरेजांना देत नव्हत्या. बौद्धिक संपदेचा बचाव कंपन्यांनी केला, तो आयोगाने फेटाळला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करता येणार नाही, असेही आयोगाने बजावले. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. दरम्यान मोटारी मात्र वयाने वाढतच राहिल्या.

२०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिच्या चार क्षेत्रांत मोटारी होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात या हक्काचे संकेतस्थळही सुरू झाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्येच मोटारदुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला आणि कंपनीच्या गॅरेजला मिळणारी माहिती बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळाली पाहिजे असे ठरविले. आपल्याकडे एका हाताने सरकार दुरुस्तीच्या हक्काची भाषा करते आणि दुसऱ्या हाताने जुन्या मोटारीचे शुल्क वाढवीत नेते.

वय नव्हे, प्रकृती

जुन्या मोटारींविरुद्धचा पक्ष पोकळ नाही. २००१ च्या मोटारीवर लागू असलेली प्रदूषणमाने आजच्या मानांपेक्षा पुष्कळ सैल होती. झिजलेल्या इंजिनाचा आणि निकामी झालेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा धूर शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातो, आणि त्याची किंमत मालक मोजत नाही. अपघातात आजची मोटार अधिक संरक्षण देते, हेही खरे. ज्या मोटारीचा पत्रा गंजून चासीपर्यंत गेला आहे, तिला रस्त्यावर राहू देणे हा जुलूम आहे.

परंतु या सर्व गोष्टी मोजता येतात. धूर मोजता येतो, ब्रेक तपासता येतात, गंज दिसतो. जे मोजता येते त्याचे अनुमान जन्मतारखेवरून कशासाठी काढावयाचे? दिल्ली परिसरात डिझेल मोटारींना १० आणि पेट्रोल मोटारींना १५ वर्षांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली आणि त्यावरचा वाद पुढेही न्यायालयात चालू राहिला. केवळ वयावर बोट ठेवले की काळजीने राखलेली मोटार आणि हेळसांड झालेली मोटार एकाच रांगेत उभी राहते. राखण्याला बक्षीस नाही, हेळसांडीला शिक्षा नाही. असा नियम लोकांना एकच धडा देतो: राखू नका. शिवाय वर्षाला ३,००० किलोमीटर चालणारी जुनी मोटार आणि ३०,००० चालणारी नवी मोटार यांत एकूण धूर कोणाचा किती, हा हिशेब वय सांगत नाही. आणि नवी मोटार घडविताना जळणारा कोळसा व खर्ची पडणारे पोलाद तर कोणीच मोजत नाही.

उपाय अवघड नाहीत. नूतनीकरणाचे शुल्क वयाशी न जोडता तपासणीच्या निकालाशी आणि वापराशी जोडावे. ही तपासणी खरी व्हावी. धूर न पाहता हाती पडणारे प्रमाणपत्र कोणाच्याच हिताचे नाही. एखादे मॉडेल बंद केल्यावर ठरावीक वर्षे सुटे भाग पुरविण्याचे बंधन कायद्याने कंपनीवर घालावे. ते पाळायचे नसेल, तर त्या भागांची मापे, आराखडे आणि बिघाड शोधण्याची माहिती खुली करावी. तसे झाले तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील लेथवाल्याला आणि ओतकामाच्या कारखान्यांना नवे काम मिळेल. ज्या गावांनी आपल्या हिमतीवर तेलाची इंजिने घडविली, त्यांना बंद पडलेल्या मोटारीचा बुश घडविणे जड जाणार नाही. त्यांच्याजवळ हात आहेत. नकाशा मात्र दुसऱ्याच्या कपाटात आहे.

भारतासारख्या देशात भांडवल दुर्मीळ आणि हात विपुल आहेत. दुरुस्ती ही हातांना काम देते आणि भांडवल वाचविते. तिच्या वाटेत कुलपे घालणारे धोरण देशाच्या स्वभावाविरुद्ध जाते. त्या शिक्षकाला सवलत नको आहे. त्याची मोटार तपासावी. नापास झाली तर तो तिला स्वतः भंगारात नेऊन घालील. पास झाली तर मात्र तिच्यासाठी एक सेन्सर आणि एक क्लच प्लेट देशात कोठेतरी विकत मिळावी, एवढीच त्याची मागणी आहे. ती अवाजवी म्हणता येणार नाही.