घरगुती विज्ञान : ध्वनिवर्धकाची गुणगुण

व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक स्वतः जोडून त्यावर वडिलांच्या संग्रहांतील तबकड्या ऐकण्याचा छंद कांहीं घरांत अद्यापि जिवंत आहे. परंतु तबकडीवर सुई टेकण्यापूर्वींच कर्ण्यांतून भुंग्यासारखा अखंड घुमारा निघूं लागला, म्हणजे हौसेवर विरजण पडतें. मग कित्येकजण खर्ज कमी करण्याचें बटन फिरवून समाधान मानतात. त्यानें गुणगुण दबते खरी. पण साथीचा खर्जही जातो, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची (निधन १९३७) तबकडी बोडकी वाटूं लागते.

आधीं स्वर ओळखावा. आपल्याकडील वीज सेकंदास ५० वेळां आंदोलित होते. म्हणून ही गुणगुण ५० कंपनांची किंवा तिच्या दुपटीची, १०० कंपनांची असते. पेटीवर खर्जांतील पांढरी पांच सुमारें ९८ कंपनांची. घरांत पेटी असल्यास ती धरून पाहावी. १०० कंपनांचा घुमारा त्या स्वराला येऊन मिळतो व किंचित खरखरीत लागतो. ५० चा त्याखालच्या सप्तकांतला, मऊ व जड. पहिला बहुधा विजेचा प्रवाह एकदिश करणाऱ्या भागांतून येतो. तेथील कंडेन्सर उष्णतेनें सुकले असतील. दुसरा बहुधा व्हॉल्व्ह तापविणाऱ्या ६.३ व्होल्टच्या तारांचा. त्या एकमेकींस पीळ देऊन कोपऱ्याकोपऱ्यानें न्याव्या.

नंतर स्थान शोधावें. आवाजाचें बटन शून्यावर आणतांच गुणगुण थांबली, तर दोष त्याच्या अलीकडे, तबकडीयंत्रांत वा जोडतारेंत आहे. न थांबल्यास पलीकडे. वीज बंद करून, व्हॉल्व्ह निवल्यावर पहिला व्हॉल्व्ह काढून पुन्हां ऐकावें. तरीही गुणगुण राहिली, तर तो व्हॉल्व्ह बहुधा निर्दोष समजावा. आंत हात घालण्यापूर्वीं मात्र थांबावें. कंडेन्सरमध्यें ३०० व्होल्टपर्यंतचा भार वीज बंद केल्यावरही टिकून राहतो. तो योग्य रोधकांतून काढून मीटरवर शून्य पाहिल्यावांचून डाख लावण्याचें नांव काढूं नये.

सोलापुरांत आणखी एक विघ्न संभवतें. पूर्वभागांत यंत्रमाग घरांलगत चालतात, व त्यांच्या मोटारींची खरखर त्याच वाहिनीवरून ध्वनिवर्धकांत शिरूं शकते. ती माग सुरू-बंद होण्याबरोबर येते-जाते, एवढ्यावरून निराळी ओळखतां येते. तिच्यापायीं चांगले व्हॉल्व्ह बदलीत बसणें व्यर्थ होय.

आतां सर्वांत मोहक उपायाविषयीं. तबकडीयंत्र व ध्वनिवर्धक या दोहोंचें अर्थिंग निरनिराळ्या वाटांनीं जोडलें गेलें, कीं तारांचें एक वेटोळें बनतें व त्यांतूनच गुणगुण उपजते. प्लगाची तिसरी, जाड पिन काढून टाकतांच ती क्षणांत थांबते, आणि जाणते म्हणविणारे लोकही हा सल्ला बिनदिक्कत देतात. तो प्राणघातक आहे. पुढें एखादे दिवशीं ट्रॅन्सफॉर्मरचें वेष्टण जळून २३० व्होल्ट सांगाड्यावर आले, तर फ्यूज जाणार नाहीं. पहिल्यानें हात लावील तो घरांतील नातू असेल किंवा पुसण्यास फडकें घेऊन आलेली सून. योग्य इलाज थोडा कष्टाचा आहे. आंतील भूमीच्या सर्व तारा एकाच बिंदूवर आणून तो बिंदू सांगाड्यास पक्का जोडावा, आणि दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावरून चालवावीं.

शिवाय घराचें अर्थिंग मुळांतच जिवंत आहे कीं नाहीं, हें विजेच्या जाणकाराकडून मापून घ्यावें. येथील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि कोरडी माती वीज नीट वाहूं देत नाहीं. चैत्र लागला कीं त्या खड्ड्यांत दर आठवड्यास दोन बादल्या पाणी ओतावें.