कोंकणची धांवती यात्रा

सुट्टी लागली कीं मोटारींतून कोंकण ‘उरकण्या’ची जी प्रथा सुशिक्षित कुटुंबांत रूढ झाली आहे, तिला प्रवास म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. सकाळीं गणपतीपुळें, दुपारीं रत्नागिरीचा थिबा राजवाडा, सायंकाळीं आणखी एखादी पुळण. मधला कातळाचा सडा मात्र नुसता ओसाड माळ! त्याच सड्यांवर कशेळी, बारसू, देवीहसोळ येथें प्राचीन अनामिक हातांनीं कोरलेलीं चित्रें आहेत. कशेळीच्या हत्तीची आकृति तर सुमारें १८ मीटर लांब. २०२२ सालीं हीं कातळशिल्पें युनेस्कोच्या संभाव्य यादींत आलीं; २०२५ सालीं सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग जागतिक वारसा ठरले. किल्ल्यांना निदान तट आहेत, राजाचें नांव आहे. उघड्या कातळावरचें चित्र चिऱ्याची एक खाण कायमचें पुसून टाकूं शकते. ‘लोकांना जें रम्य वाटतें तेंच दाखवावें,’ असें म्हणणारे विसरतात कीं, रम्य काय हें पाहूनच कळतें. रक्षण सरकारनें करावें हें खरें. परंतु जेथें कोणी थांबतच नाहीं, त्या जागेसाठीं भांडणार कोण? म्हणून आमचें मागणें एवढेंच: एक किनारा कमी पाहा, आणि एकदां तरी सड्यावर पायउतार व्हा.