झिजलेली पुली आणि हातांचें शिक्षण

पुस्तकी विद्या आणि हातांची विद्या ह्या दोहोंमध्यें आपल्या सुशिक्षित समाजानें फार दिवसांपासून एक भिंत उभी केलेली आहे. ज्याच्या हातीं लेखणी त्यानें पान्यास शिवूं नये, आणि ज्याच्या हातीं पाना त्याच्याकडून विचाराची अपेक्षा करूं नये, असा जणूं अलिखित करारच झालेला दिसतो. घरीं मोटार असते, तिच्यावरून रोज फडकें फिरतें, तिच्या रंगाचें व वेगाचें कौतुक होतें. परंतु बॉनेट उघडून आंत काय चाललें आहे हें पाहण्याची जिज्ञासा फार थोड्यांस होते. आंतून कांहीं निराळा आवाज येऊं लागला म्हणजे गाण्याचा आवाज वाढविणें हाच पुष्कळांचा पहिला उपाय असतो! आमचें मत असें आहे कीं, वरच्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें व विद्यार्थिनीनें घरांतील जाणत्या वडील माणसाच्या देखरेखीखालीं निदान एक तरी यांत्रिक दुरुस्ती आरंभापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानें करावी. अशा दुरुस्तीचें उत्तम उदाहरण म्हणून मोटारीच्या इंजिनावरील पुलीचें झिजलेलें बेअरिंग बदलण्याचें काम आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

विहिरीवरची कप्पी सर्वांच्या ओळखीची आहे. मोटारीच्या इंजिनाच्या एका अंगास तशाच चारपांच पुल्या एका रबरी पट्ट्यानें जोडलेल्या असतात. इंजिनाच्या मुख्य दांड्यावरील, म्हणजे क्रँकशाफ्टवरील, पुली हा पट्टा फिरविते. आणि पट्टा वीज निर्माण करणारा अल्टरनेटर, हवा थंड करणाऱ्या यंत्राचा कॉम्प्रेसर व पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही फिरवितो. ह्यांखेरीज एकदोन पुल्या अशा असतात कीं, त्या स्वतः कांहींच चालवीत नाहींत. पट्ट्यास वळण देणें किंवा त्याचा ताण राखणें एवढेंच त्यांचें काम. वळण देणारीस आयडलर व ताण राखणारीस टेन्शनर म्हणतात. हिच्या पोटांत बेअरिंग असतें: एक आंतलें कडें, एक बाहेरचें कडें, दोहोंमध्यें पोलादी गोळ्या, त्या गोळ्यांस अंतरावर ठेवणारा पिंजरा, आणि वंगण. हें वंगण कारखान्यांतच एकदां भरून दोन्ही बाजूंस झांकणें बसवितात. पुढें तें पुन्हां भरावयाचें नसतें.

ह्या लहानशा वस्तूकडून केवढें काम घेतलें जातें तें पहा. मुख्य पुलीचा व्यास १४० मिलिमीटर व आयडलरचा ७० मिलिमीटर धरला, तर इंजिनाच्या एका फेऱ्यास आयडलरचे दोन फेरे होतात. इंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असेल तर आयडलर ४,००० घेते. म्हणजे तासास २,४०,०००! त्यांत इंजिनाची उष्णता, रस्त्याची धूळ, पावसाळ्यांतील चिखलपाणी आणि गाडी धुतांना फवाऱ्याच्या जोरानें आंत शिरणारें पाणी ह्यांची भर. कालांतरानें वंगण वाळतें किंवा वाहून जातें, गोळ्या कोरड्या घांसूं लागतात आणि पुली कुरकुरूं लागते. ही कुरकुर ऐकून न ऐकल्यासारखी केली तर एके दिवशीं बेअरिंग जाम होतें व पट्टा जळतो अथवा निसटतो. मग विजेचा पुरवठा थांबतो, पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असल्यास इंजिन तापतें, आणि सगळें कुटुंब घाटाच्या चढणीवर खोळंबून बसतें. कांहीं शें रुपयांच्या वस्तूकडे दुर्लक्ष केल्यामुळें कित्येक हजारांचें इंजिन असें धोक्यांत येतें.

आतां कोणी विचारील, ह्यांत शिक्षण कोठें आलें? पहिलें शिक्षण निदानांत आहे. आवाज येतो एवढ्यावरून वस्तू बदलीत सुटणें हें अडाण्याचें लक्षण होय. पट्ट्याची किंकाळी निराळी व बेअरिंगची घरघर निराळी. पट्ट्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले असतां आवाज क्षणभर बदलला, तर दोष बहुधा पट्ट्याचा किंवा त्याच्या ताणाचा. मुळींच न बदलला तर बेअरिंगविषयीं संशय घ्यावा. हा प्रयोग इंजिन चालू असतांना होतो, म्हणून तो वडील माणसानेंच, सैल बाह्या, ओढणी व मोकळे केस ह्यांस पट्ट्यापासून दूर ठेवून करावा. पुढें इंजिन बंद करून पट्टा उतरवावा व तें केवळ कांहीं सेकंद चालवून पहावें. आवाज नाहींसा झाला तर चोर पट्ट्यावरच्या मंडळींतच आहे हें ठरलें. मग इंजिन बंद करून, किल्ली काढून, एकेक पुली हातानें फिरवावी. चांगलें बेअरिंग निमूटपणें, किंचित् जडसें फिरतें व लवकर थांबतें, कारण आंत वंगण शाबूत आहे. कोरडें बेअरिंग मात्र खडखडत कितीतरी वेळ मोकाट फिरत राहतें. नवशिक्यास वाटतें, जी पुली अधिक सहज फिरते तीच चांगली. वस्तुस्थिति नेमकी उलट असते! प्रयोगशाळेंत आपण एक गोष्ट बदलून बाकीच्या कायम ठेवितों व परिणाम पाहतों. तीच रीत येथें आहे. फरक एवढाच कीं, येथें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नसतें.

दुसरें शिक्षण शिस्तीचें. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. बॅटरीची ऋण तार सोडवावी. पट्टा काढण्यापूर्वी तो कोणत्या पुलीच्या वरून व कोणत्या पुलीच्या खालून गेला आहे त्याची आकृति काढावी किंवा छायाचित्र घ्यावें. कारण पट्टा निघाल्यावर स्मरणशक्तीची फुशारकी फार वेळ टिकत नाहीं. पुलीचा बोल्ट सोडवितांना आटे कोणत्या दिशेचे आहेत हें आधीं पहावें. कांहीं गाड्यांत तो उलट्या आट्यांचा असतो, आणि तेथें अधिक जोर लावणारा जितका बलवान् तितकें नुकसान मोठें. चाकाच्या बाजूनें हात घालावा लागत असेल तर नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखालीं कदापि शिरूं नये. भक्कम टेकू द्यावेत व उरलेल्या चाकांस उट्या लावाव्यात. हे नियम भित्र्यांसाठीं आहेत असें कोणास वाटत असेल तर त्यानें एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या बोटांकडे पहावें.

तिसरें शिक्षण पदार्थविज्ञानाचें, व आमच्या मतें तेंच ह्या कामाचें मर्म होय. बेअरिंग पुलीच्या भोंकांत घट्ट बसलेलें असतें. कोठें त्यास अडकविणारी सर्क्लिप असते. ती प्रथम काढावी. मग पुलीच्या मध्यभागास सर्व बाजूंनीं आधार देऊन जुनें बेअरिंग व्हाइसमध्यें किंवा हातप्रेसवर दाबून बाहेर काढावें. नवें बसवितांना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर यावा. आंतल्या कड्यावर दाब दिला तर तो सगळा जोर गोळ्यांतून बाहेरच्या कड्याकडे जातो. गोळी कड्यास अगदीं लहानशा जागीं टेकत असल्यामुळें तेथें पोलादासही खळगे पडतात, आणि नवें बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरूं लागतें. जें कडें घट्ट बसावयाचें त्याच कड्यावर दाब द्यावा, हा ह्या विद्येचा पहिला नियम. टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडास देवपण येत नाहीं हें खरें. परंतु बेअरिंगास हातोड्याचे घाव सोसत नाहींत. पुली धातूची असेल तर ती किंचित् गरम करावी व बेअरिंग पिशवींत गुंडाळून बर्फाच्या कपाटांत ठेवावें. एक फुगतें, दुसरें आकसतें व काम हलकें होतें. प्रसरणाचा जो नियम आपण परीक्षेकरितां पाठ करतों तो अशा वेळीं आपला मजूर होऊन राबतो.

बेअरिंगच्या अंगावर कोरलेला क्रमांक वाचतां येणें हेंही एक लहानसें अक्षरज्ञानच आहे. पुष्कळ मोटारींच्या आयडलरमध्यें ६२०३ ह्या क्रमांकाचें बेअरिंग असतें. त्याचें आंतलें भोंक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर व जाडी १२ मिलिमीटर. शेवटचे दोन आंकडे भोंक दर्शवितात: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७ मिलिमीटर, आणि ०४ पासून पुढें त्या आंकड्यास पांचानें गुणावें. पुढें ‘२ आर एस’ असल्यास दोन्ही बाजूंस रबरी झांकणें, ‘झेड झेड’ असल्यास पत्र्याचीं. मूळ क्रमांकाची ही भाषा जगांत बहुतेक सर्वत्र एकच आहे; पुढचीं अक्षरें मात्र कारखान्यागणिक बदलतात. ज्यास ती वाचतां येते तो बाजारांत जाऊन नेमकी वस्तु मागतो; ज्यास येत नाहीं त्यास पुष्कळदां संपूर्ण टेन्शनर अनेक पट किंमत देऊन घ्यावा लागतो. अर्थात् कांहीं पुल्यांत बेअरिंगभोवतींच प्लॅस्टिक ओतलेलें असतें. तेथें पुलीच बदलावी, हट्ट धरूं नये.

येथें एक सार्वजनिक प्रश्नही उभा राहतो. वस्तु विकत घेतली म्हणजे ती दुरुस्त करण्याचा हक्कही विकत घेतला कीं नाहीं? भारतीय स्पर्धा आयोगानें ऑगस्ट २०१४ मध्यें चौदा मोटार कंपन्यांस मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व तपासणीचीं साधनें बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांस खुल्या बाजारांत मिळूं दिलीं नाहींत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. पुढें त्यावर अपिलें झालीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा २०१२ मध्यें मतदारांपुढें येऊन संमत झाला. परंतु कायदा केवढाही चांगला असला तरी ज्यांस पाना कसा धरावा हें ठाऊक नाहीं त्यांस हक्काचें मोल कळणार कसें? वापरला न गेलेला हक्क गंजलेल्या बोल्टासारखा जागच्या जागीं अडकून बसतो.

आमच्या मताविरुद्ध तीन आक्षेप संभवतात. पहिला, ह्यानें गरीब मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यानें एकदां दोन तास वांकून, बोटें सोलवटून एक पुली बदलली, तो पुढें मिस्त्रीशीं मजुरीची घासाघीस करतांना दहादां विचार करील. आज मिस्त्रीस जी हेटाळणी सोसावी लागते तिचें मूळ त्याच्या कामाच्या अज्ञानांतच आहे. दुसरा आक्षेप, हें काम धोक्याचें आहे. तें खरें आहे, म्हणूनच मर्यादा ओळखणें हाही धड्याचा भाग होय. इंजिनाच्या झडपांची वेळ राखणारा जो आंतला टायमिंग पट्टा, त्याच्या पुल्यांस घरीं हात लावूं नये. तेथें एका दांत्याची चूक झाली तरी कित्येक इंजिनांत झडपा व पिस्टन एकमेकांवर आपटतात. कोठें थांबावें हें ज्यास कळतें तोच खरा कारागीर. तिसरा आक्षेप, विजेच्या मोटारी आल्यावर हें ज्ञान निरुपयोगी होईल. त्यांत असा पट्टा नाहीं हें खरें. पण त्यांच्या विद्युत्-यंत्राच्या दांड्यास व चाकांस बेअरिंगें आहेतच. आणि पट्टा गेला तरी ऐकण्याची, तपासण्याची व धीर धरण्याची संवय कोठें जाते?

इतिहासाकडे पाहिलें तरी हाच बोध होतो. १८८८ सालीं बेर्टा बेन्झ ह्या बाई दोन मुलांस घेऊन जर्मनींतील मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे १०६ किलोमीटर मोटारीनें गेल्या. वाटेंत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनीं टोपीच्या पिनेनें मोकळी केली, आणि झिजलेल्या ब्रेकास एका चांभाराकडून चामडें लावून घेतलें. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासांतच दुरुस्तीचा धडा असा आलेला आहे. पुढें स्वीडनमधील गोटेनबर्ग येथें स्वेन विंगक्विस्ट नांवाचा एक अभियंता कापडगिरणींत यंत्रांची देखभाल करीत असे. गिरणीखालची चिकणमातीची जमीन खचे, लांबलचक दांडे वांकडे होत व बेअरिंगें वारंवार बिघडत. त्या रोजच्या त्रासांतून त्यानें १९०७ सालीं आपोआप सरळ होणारें बेअरिंग शोधून काढलें. त्याच वर्षी स्थापन झालेल्या त्याच्या कंपनीचा कारखाना १९६० च्या दशकांत आपल्या पुण्याजवळ चिंचवडासही आला. बिघाडाकडे तोंड फिरविणाऱ्याच्या हातून असे शोध लागत नाहींत.

म्हणून आमची सूचना इतकीच कीं, मोटारवाल्या घरांनीं आपल्या मुलांस व मुलींस अशा कामांत बरोबर घ्यावें. ज्यांच्या घरीं मोटार नाहीं त्यांनीं सायकलीचें बेअरिंग किंवा पंख्याची पुली घ्यावी, धडा तोच आहे. आणि शाळांनीं वर्षांतून एकदां तरी गांवांतील एखाद्या अनुभवी मिस्त्रीस वर्गांत शिक्षकाच्या जागीं मानानें उभें करावें. नवें बेअरिंग बसल्यावर पट्टा आकृतीप्रमाणें चढवावा, बोल्ट ठरलेल्या मापानें आवळावा, इंजिन चालू करावें आणि कान द्यावा. जेथें काल घरघर होती तेथें आज नुसता एकसारखा सूर ऐकूं येतो. त्याला कोणी टाळ्या वाजवीत नाहीं, गुणपत्रकांत त्याची नोंद होत नाहीं. तरी ज्याच्या हातून तें काम झालें त्यास आपले हात केवळ लिहिण्याजेवण्यासाठीं नाहींत हें कोणी पुन्हां सांगावें लागत नाहीं.