कोंबडीची डावी बाजू

डमडमच्या बाजारात कोंबडी घेताना दुकानदार कधीकधी विचारतो, “बौदी, डिमटाओ देबो?” पोटातून द्राक्षांच्या घडासारखे पिवळे गोळे निघालेले असतात. तुम्ही पुढच्या वेळी नीट पाहा. हा घड कोंबडीच्या डाव्या बाजूलाच असतो.

उजवीकडे का नाही? त्याचं उत्तर अंड्यात आहे. पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात. त्यातले पहिले पाच-सहा दिवस नर आणि मादी गर्भांच्या जननग्रंथी सारख्याच दिसतात. मग मादीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम कामाला लागतं आणि इस्ट्रोजेन हार्मोन तयार होतं. त्याच्या जोरावर डाव्या ग्रंथीचं अंडाशय होतं; उजवी खुंटते. नरात इस्ट्रोजेनचा हा जोर नसतो, दोन्हीकडे वृषण होतात.

१९९२ साली शास्त्रज्ञांनी अंड्यातच हे एन्झाइम अडवणारं औषध दिलं. मादी गर्भांत चक्क वृषण तयार झाले आणि मोठेपणी त्या कोंबड्यासारख्या दिसू लागल्या. उलटा प्रयोग मात्र टिकत नाही. नर गर्भाला इस्ट्रोजेन दिलं तर डावी ग्रंथी काही काळ अंडाशयासारखी होते, पुढे बहुधा परत वृषणाकडे वळते.

म्हणजे सगळंच हार्मोनच्या हाती नाही. पक्ष्यांत नराची गुणसूत्रं झेड-झेड, मादीची झेड-डब्ल्यू; दोन वेगळी गुणसूत्रं मादीकडे, आपल्या अगदी उलट. (संकरात वेगळ्या गुणसूत्रांचं लिंगच जास्त कमकुवत ठरतं, हा नियम हाल्डेननी १९२२ साली मांडला. तेच हाल्डेन १९५७ मध्ये आमच्या शेजारच्या बरानगरला, भारतीय सांख्यिकी संस्थेत आले.) एडिनबर्गच्या संशोधकांनी २०१० साली एका बाजूनं कोंबडा, दुसऱ्या बाजूनं कोंबडी असलेले पक्षी तपासले. दोन्ही बाजूंना रक्त एकच, हार्मोन्स तीच, तरी पेशी आपापल्या वळणावर गेलेल्या!

आता आजीच्या कोंबडीबद्दल. गावी तिची एक म्हातारी कोंबडी अंडी द्यायची थांबली, तिला मोठा तुरा आला आणि एका पहाटे ती आरवली. “अपशकुन आहे,” शेजारी म्हणाले. त्याच दिवशी तिची मान मुरगळली.

आजाराने डावं अंडाशय निकामी झालं की इस्ट्रोजेन आटतं. मग अंड्यात असताना खुंटलेली उजवी ग्रंथी कधीकधी वाढते, वृषणासारखी होते. आजीची कोंबडी आजारी होती, एवढंच. आजी त्या रात्री जेवली नव्हती, हे मला आजही आठवतं.