चावडीवरचा इतिहास

इतिहास म्हटला, की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांसमोर येतात. गावाचा इतिहास मात्र क्वचितच कोणाला आठवतो. शेतसारा कसा ठरला, बांधाचा तंटा कसा मिटला, दुष्काळात कोण जगले आणि कोण गाव सोडून गेले, या गोष्टी पाठ्यपुस्तकात सहसा येत नाहीत. त्या घडल्या गावाच्या चावडीवर, आणि चावडी मूक झाली तेव्हा त्याही मुक्या झाल्या.

महाराष्ट्रातील जुन्या गावांत चावडीची जागा ठरलेली असे. दगडी जोते, लाकडी खांब, वर कौले किंवा माळवद आणि समोरची बाजू मोकळी. गावात येणारा अधिकारी येथे उतरे, पाटील येथे बसे, कुलकर्णी येथे दप्तर उघडे. मराठा काळात वतनाचे व हद्दीचे वाद गोतसभेपुढे येत. निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि त्यावर जमलेल्यांच्या निशाण्या पडत. कुणब्याची निशाणी नांगर असे. कारागिरांच्या निशाण्या त्यांच्या हत्यारांच्या असत. अक्षर न येणारा माणूसही आपल्या कामाच्या चिन्हाने गावाच्या निर्णयाला साक्षी राही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे गुणदोष बारकाईने नोंदले आहेत.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था संपली. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. ग्रामपंचायतीचे कार्यालय अनेक ठिकाणी नव्या इमारतीत गेले. जुनी चावडी कोठे तलाठ्याचे कार्यालय म्हणून टिकली, कोठे गुदाम झाली, कोठे पडून गेली. भाषेत मात्र ती राहिली. चार माणसे जमून बोलू लागली, की आजही ‘चावडी भरली’ असे म्हटले जाते.

अशा वास्तूचे करायचे काय, हा प्रश्न अनेक गावांपुढे आहे. ती पाडून सभामंडप बांधणे हा एक मार्ग, कुलूप लावून फलक टांगणे हा दुसरा. तिसरा मार्ग अधिक विचार करण्याजोगा आहे. वर्षातून एक दिवस गावाने चावडीवर एकत्र यावे आणि आपला इतिहास स्वतः बोलून, करून, दाखवून जागा करावा. जगात या पद्धतीला जुनी परंपरा आहे. स्वीडनमध्ये आर्थर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोम येथे स्कान्सेन हे खुले संग्रहालय सुरू केले. जुनी घरे तेथे आणून उभी केली गेली आणि त्यांत जुनी कामे करणारी माणसेही वावरू लागली. भारतातही कोल्हापूरजवळ कणेरी येथील सिद्धगिरी संग्रहालयात बलुतेदारांचे जीवन शिल्पांतून साकारले आहे. शिल्प पाहता येते. त्याला प्रश्न मात्र विचारता येत नाही. गावाच्या चावडीवर उत्तर देणारी माणसे अजून आहेत, आणि हेच तिचे खरे वैभव आहे.

अशा दिवशी मुले मोटेचा नाडा हाती घेतील, पायली आणि शेराच्या मापाने धान्य मोजतील, दवंडी कशी पिटली जाई ते ऐकतील. यावर आक्षेप घेतला जातो, की हा केवळ देखावा होय. फेटा बांधल्याने आणि नऊवारी नेसल्याने इतिहास कळत नाही. आक्षेपात तथ्य आहे. पोशाखापाशी थांबलेला कार्यक्रम स्नेहसंमेलनापेक्षा अधिक काही देत नाही. परंतु हाताने केलेले काम बुद्धीलाही शिकवते. दळण दळून खांदे भरून आले, की पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईच्या कष्टांचा अर्थ परिच्छेद वाचून कळतो त्याहून निराळा कळतो.

दुसरा प्रश्न याहून कठीण आहे. चावडी साऱ्या गावाची म्हणवली जात असे. प्रत्यक्षात ती साऱ्या गावाची होती काय? हद्दीच्या वादात महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण शिवेचा खरा जाणकार तोच. सांगावा पोचवणे, सरकारी माणसांची सरबराई करणे, रात्री गाव राखणे, ही कामेही त्याचीच. ज्याच्या शब्दावर गावाची सीमा ठरे, त्याला त्याच गावाच्या चावडीवर बरोबरीने बसता येत नसे. स्त्रियांचे तर चावडीवर नावही क्वचितच निघे, आणि निघाले तरी बहुधा फिर्यादीच्या निमित्ताने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाच्या जाचाविरुद्ध १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी खेड्याच्या भाबड्या गौरवावर कठोर टीका केली. त्याच संविधानाच्या चाळिसाव्या अनुच्छेदात ग्रामपंचायतींच्या संघटनेचे तत्त्वही आले. गावाचा अभिमान आणि गावाची चिकित्सा ही दोन्ही या देशाच्या विचारपरंपरेत शेजारी-शेजारी उभी आहेत.

मग चावडीवरच्या त्या एका दिवसात यांतील काय सांगावे? उत्सवाच्या दिवशी जुने कशाला उकरायचे, असे म्हणणारे प्रत्येक गावात भेटतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. गावात कटुता येऊ नये, एवढेच त्यांना वाटते. परंतु गाळलेल्या पानांचा इतिहास हा इतिहास राहत नाही. ज्यांच्या पूर्वजांना पायरीखाली उभे राहावे लागले, त्यांना असा उत्सव दुसऱ्यांदा पायरीखाली उभे करतो.

या बाबतीत अमेरिकेतील एक अनुभव बोलका आहे. व्हर्जिनिया राज्यातील विल्यम्सबर्ग येथे अठराव्या शतकातील नगर जतन केले आहे आणि तेथे त्या काळचे जीवन माणसे साकारून दाखवतात. १९९४ च्या ऑक्टोबर महिन्यात तेथे गुलामांच्या लिलावाचा प्रसंग सादर झाला. वेदनेचे प्रदर्शन मांडू नये, म्हणून काहींनी जागेवर निषेध केला. हे दाखवल्याशिवाय तो काळ कळणार नाही, असे सादरकर्त्यांचे म्हणणे होते. प्रसंग साकारणाऱ्यांत कृष्णवर्णीय कलावंतही होते. त्या घटनेवर पुढे दीर्घकाळ चर्चा झाली. त्यातून एक विवेक निश्चित घेता येतो. अन्याय लपवू नये. पण ज्यांनी तो सोसला, त्यांच्या वंशजांवर तो पुन्हा वठवण्याची सक्तीही नसावी. वेसकराच्या नातवाच्या हाती, केवळ देखावा पूर्ण व्हावा म्हणून, पुन्हा काठी देणे हा अपमानच ठरेल. त्याने हवे तर बोलावे, जुना कागद वाचून दाखवावा, किंवा चावडीवर अध्यक्ष म्हणून बसावे. काय सांगायचे आणि कसे सांगायचे, याचा निर्णय त्याचा असावा.

तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तिरमेरूर या गावात याच विचाराचा दगडी पुरावा उभा आहे. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळात, दहाव्या शतकाच्या प्रारंभी, तेथील ग्रामसभेचे नियम भिंतींवर कोरले गेले. गावाचे तीस प्रभाग होते. उमेदवारांची नावे ताडपत्रावर लिहून घटात टाकली जात आणि लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी निघे. हिशेब न देणाऱ्या सभासदाला व त्याच्या आप्तांना पुन्हा निवडले जात नसे. हे वाचून अभिमान वाटतो. पण त्याच भिंतीवर उमेदवाराकडे करपात्र जमीन, स्वतःचे घर आणि वेदाध्ययन असावे, अशाही अटी आहेत. ती सभा ब्राह्मण वस्तीची होती. तो लेख संपूर्ण वाचला, तरच त्याचा अर्थ लागतो. अभिमानाच्या ओळी तेवढ्या वाचून पुढे जाणाऱ्याला त्या भिंतीने अर्धेच सांगितलेले असते.

जिवंत इतिहासाचा आणखी एक साठा माणसांच्या स्मरणात आहे, आणि तो वेगाने ओसरत आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली मुले आज वृद्ध झाली आहेत. मिलो ज्वारीची भाकरी, सुकडीचे वाटप, पाझर तलावाच्या कामावर झाडाखाली निजवलेली तान्ही मुले, हे सारे त्यांनी पाहिले आहे. त्याच काळात रोजगार हमी योजनेची घडी बसली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि देशाच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यापुढे तिचे उदाहरण होते. राष्ट्रीय धोरणाचे मूळ आपल्याच गावच्या बांधावर आहे, हे ऐकून एखाद्या विद्यार्थ्याची अभ्यासाकडे पाहण्याची दृष्टी बदलू शकते. म्हणून चावडीवरच्या दिवशी वृद्धांना भाषण करायला न लावता मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत. उत्तरे त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावीत आणि एक प्रत शाळेत जपावी. दोन वृद्धांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही नोंदवाव्यात. साक्षी तपासून पाहणे हा इतिहासाचा पहिला धडा आहे, आणि तो चावडीइतका चांगला दुसरीकडे क्वचितच शिकता येईल.

गावात पिण्याच्या पाण्याची ओरड असताना असा दिवस साजरा करणे ही चैन नव्हे काय, असेही विचारले जाईल. या उपक्रमाला मोठा खर्च लागत नाही. लागतो तो वेळ आणि प्रांजळपणा. शिवाय पाण्याचा प्रश्नही गावाने एकत्र बसूनच सुटणारा आहे, आणि एकत्र बसण्याची सवय हीच चावडीची मूळ देणगी होती. महाराष्ट्रात जमिनीच्या नोंदी गावासमोर वाचण्याच्या पद्धतीला आजही ‘चावडी वाचन’ म्हणतात. नोंद मोठ्याने वाचली गेली, की चूक लपत नाही. हिशेबाचे आणि इतिहासाचे या बाबतीत सारखेच आहे.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात स्थान मिळाले. महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण २०११ मध्ये निम्म्यावर गेले. जेथे आजीने कधी पाऊल ठेवले नाही, तेथे नात सरपंच म्हणून सभा चालवते, हा बदल लहान नाही. म्हणून चावडीवरच्या त्या दिवसाचा शेवट ग्रामसभेने व्हावा. पोशाख उतरवून ठेवावेत, जुने कागद दप्तरात बांधावेत आणि चालू वर्षाचा जमाखर्च त्याच जोत्यावर सर्वांसमोर वाचला जावा. पूर्वी पायरीखाली कोण उभे होते हे ज्या गावाला ठाऊक आहे, ते गाव आज पायरीखाली कोणी उभे नाही ना, हे वळून पाहील. जुन्या वास्तूच्या जतनाचे याहून मोठे प्रयोजन दुसरे कोणते असू शकेल?