एका डोळ्याला इजा, दुसऱ्याला शिक्षा

लखनौच्या जुन्या वस्त्यांत घरोघरी जरदोजीचे काम चालते. लाकडी चौकटीवर कापड ताणायचे आणि टोकदार आरीने त्यावर जर व टिकल्या भरायच्या. घर आणि कारखाना एकच असल्याने मुलेही तिथेच खेळतात. आई क्षणभर उठली, की लहानग्याचा हात आधी आरीकडेच जातो.

१८१२ साली फ्रान्समध्ये चामड्याचे काम करणाऱ्या एका कारागिराच्या ३ वर्षांच्या मुलाने अशीच आरी हाती घेतली आणि एक डोळा गमावला. पाचव्या वर्षापर्यंत धड असलेला दुसराही गेला. हा मुलगा म्हणजे पुढे अंधांसाठी लिपी तयार करणारे लुई ब्रेल.

दुसरा डोळा का जावा? अनेक नेत्रतज्ज्ञ याचा दोष शरीराच्या संरक्षक पेशींना देतात. डोळ्याच्या आतला भाग एरवी या पेशींपासून जणू पडद्याआड असतो. डोळा फुटला, की आतली प्रथिने बाहेर येतात. ती ओळखीची नसल्याने टी-पेशी त्यांना शत्रू समजतात आणि रक्तावाटे दोन्ही डोळ्यांत शिरून हल्ला करतात. वैद्यकशास्त्रात या विकाराला 'सिम्पथेटिक ऑफ्थाल्मिया' म्हणतात. नावात सहानुभूती आहे खरी, पण ती भलतीच महागात पडते!

हा विकार क्वचितच होतो. मात्र डोळ्यात आरी, सुई, कात्री किंवा विटीदांडूची विटी घुसली, तर डोळा चोळू नये, धुऊ नये, दाबून पट्टी बांधू नये. गुलाबपाणी, तूप, काजळ तर नकोच. रुतलेली वस्तू स्वतः काढू नये. कागदी पेला अलगद वर धरून त्याच दिवशी नेत्रविभाग असलेले रुग्णालय गाठावे. लखनौच्या चौकात १९११ पासूनचे किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आताचे विद्यापीठ, हाकेच्या अंतरावर आहे.

जखम भरली, टाके निघाले, की घरचे निर्धास्त होतात आणि चूक नेमकी इथेच होते. हा विकार बहुधा २ आठवडे ते ३ महिन्यांत, कधी कधी तर काही वर्षांनीही डोके वर काढतो. चांगल्या डोळ्याला उजेड सहन होईना, जवळचे अंधूक दिसू लागले, डोळा लाल झाला किंवा दुखू लागला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे आणि जुनी इजा आवर्जून सांगावी. ब्रेल यांच्या काळी नसलेली स्टिरॉइड्स आणि टी-पेशींना आवर घालणारी औषधे आज मिळतात. वेळीच सुरू केली, तर दृष्टी बहुतेकदा वाचते. उपचार महिनोन् महिने चालतात, तेव्हा बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.